९११ की एफ४३०? शिरोलीच्या वाचकाला उत्तर

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. माझी शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. वय ४४. वीस वर्षं मनात धरलेली गोष्ट यंदा करायची आहे, जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची. दोन गाड्या बघून ठेवल्यात : २०१० ची पोर्शे ९११ आणि २००७ ची फेरारी एफ४३०. मित्रमंडळी म्हणतात, घ्यायची तर फेरारीच. मुलं दोन, ९ आणि ६ वर्षांची. तुम्ही आखातात दोन्ही गाड्यांवर काम केलंय असं मागे लिहिलं होतं. पदरी बाळगायला कुठली बरी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शारजात मी ११ वर्षं गॅरेजमध्ये होतो. तिथं एकाच मालकाच्या या दोन्ही गाड्या माझ्याकडे यायच्या, तुम्ही लिहिल्यात तीच मॉडेलं. परत येण्याआधी मी दोन्हींची शेवटची सर्व्हिस केली, तेव्हा ९११ च्या मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर होते आणि फेरारीच्या मीटरवर १९ हजार. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या दोन आकड्यांतच दिसतं.

९११ त्या माणसाची रोजची गाडी होती. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे डिकी पुढे आणि पाठीमागे दोन छोट्या सीट. त्या सीटवर बसून त्याची मुलगी शाळेत जायची. मी कार्पेट झाडायचो तेव्हा खोडरबराचे तुकडे आणि पेन्सिलीचे सोलपट निघायचे. मोठ्या माणसाला तिथं बसवत नाही, पण तुमच्या मुलांची अजून तीन-चार वर्षं तरी सोय होईल. एफ४३० ला दोनच सीट. रविवारी पन्हाळ्याला निघालात की घरातली दोन माणसं मागे राहणार. हा विचार घरी बसून आधी करा.

म्हणून फेरारीवर त्याचं प्रेम कमी होतं असं समजू नका. एफ४३० चं इंजिन मागच्या काचेतून दिसतं, वर तांबड्या रंगाची झाकणं. तो शुक्रवारी सकाळी गॅरेजवर यायचा, हातात चहाचा कप घेऊन त्या काचेपाशी उभा राहायचा आणि दहा-दहा मिनिटं बोलायचा नाही. ४.३ लिटरचं व्ही-८, ४९० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), साडेआठ हजार आरपीएमपर्यंत फिरणारं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, सपाट घडणीचा, त्यामुळे अमेरिकन व्ही-८ सारखी घरघर नाही, उंच पट्टीतली किंकाळी. चाचणीसाठी मी ती वाळवंटाकडच्या रस्त्याला नेली की परत आल्यावर माझेही हात थोडा वेळ थरथरायचे. ९११ नं मला असं कधी केलं नाही, आणि हे मी मनापासून सांगतो.

आता खर्चाचं. फेरारी म्हटलं की इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, असं लोक सांगतात. ते एफ३५५ या जुन्या मॉडेलचं खरं आहे. पुढच्या ३६० मध्ये सीटमागची झडप काढून बेल्टपर्यंत पोचता येतं, आणि एफ४३० ला बेल्टच नाही, चेन आहे. तिचा मोठा खर्च म्हणजे एफ-वन गिअरबॉक्सचा, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या गिअरबॉक्सचा, क्लच. तिथं एकच क्लच असतो आणि तो पंपाच्या दाबावर मशीन दाबतं. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचानं गाडी सरकवली की तो झिजतो. दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी सहा वाजता गाडी कशी चालवावी लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. घेण्याआधी कंपनीच्या संगणकावर क्लच किती उरलाय ते बघून घ्या, आणि त्याचा कागद मागा.

९११ मध्ये तुम्ही निवडलेलं साल चांगलं आहे. ९११ च्या ९९६ आणि ९९७ या पिढ्यांच्या २००८ पर्यंतच्या साध्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टच्या (क्रँककडून चेनला फिरवणाऱ्या मधल्या दांड्याच्या) बेअरिंगची काळजी करावी लागते. त्यानंतरच्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकलाय. पीडीके, म्हणजे पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, दोन क्लच असतात, तेही तेलात बुडालेले, त्यामुळे गर्दीत जीव कमी जळतो. ऑइल मोजायची पट्टी मात्र शोधू नका, ते डॅशबोर्डवर दिसतं. गाडी सपाट जागेवर आणि इंजिन गरम असतानाच बघा.

उभ्या गाडीचा त्रास चालत्या गाडीपेक्षा जास्त. आपल्याकडं पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्याचे चार महिने टाकी भरून गाडी झाकून ठेवलीत तर ऑक्टोबरमध्ये माझ्यासारख्याची आठवण येणार. फेरारी घेतलीत तर बॅटरीचा चार्जर कायम लावून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी ती पूर्ण गरम होईपर्यंत चालवा.

माझं मत विचाराल तर ९११ घ्या. गगनबावड्याला सकाळी जाऊन दहा वाजता फाउंड्रीत हजर राहता येईल, पावसातही. आणि दोन वर्षं चालवूनही काचेतलं ते इंजिन डोळ्यांपुढून गेलं नाही, तर मग फेरारी घ्या. तेव्हा मी अडवणार नाही.

एक गोष्ट विसरू नका. मागं एका विक्रेत्यानं मला 'टायर नवेकोरे' म्हणून गाडी दाखवली होती. नक्षी खरंच भरलेली होती. मी बसून टायरच्या कडेचा चार आकडी नंबर वाचला : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचे निघाले, नख रुतेना इतके कडक. एवढ्या ताकदीच्या गाडीला असे टायर म्हणजे घाटात जिवाशी खेळ. गाडी बघायला जाल तेव्हा गुडघ्यावर बसून चारही चाकांचे नंबर स्वतः वाचा.

प्रश्न : दुबईतला मावसभाऊ त्याची २०१४ ची लॅम्बोर्गिनी स्वस्तात देतोय. भारतात आणता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. भावाला ती तिथंच विकू द्या, आणि तुम्ही सुट्टीत जाऊन विकण्याआधी एकदा पोटभर चालवून या.