पावतीवरची अट पडलेल्या माणसाला बांधत नाही

प्रश्न : आमच्या सार्वजनिक न्यासाचं २५० खुर्च्यांचं सभागृह आम्ही चर्चासत्रांना, कंपन्यांच्या मेळाव्यांना भाड्याने देतो. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या डीलर मेळाव्यात ६४ वर्षांचे एक गृहस्थ साऊंडवाल्याच्या केबलमध्ये पाय अडकून पडले, खुब्याचं हाड मोडलं. आता त्यांच्या वकिलांची नुकसानभरपाईची नोटीस आली आहे. कंपनी म्हणते, हॉल तुमचा, तुम्ही बघा. आमच्या पावतीवर तर ‘कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही’ असं छापलेलं आहे. मग आम्ही जबाबदार कसे? – एक कार्यवाह

उत्तर : कार्यवाह साहेब, नमस्कार. त्या छापील ओळीवर तुमची समिती निर्धास्त आहे, याचीच मला जास्त काळजी वाटते. पावतीवर सही कंपनीच्या माणसाची आहे. पडलेल्या गृहस्थांनी ती पावती पाहिलीसुद्धा नसेल. करार बांधतो तो करणाऱ्यांना, तिसऱ्याला नाही. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने तिथे येणाऱ्याची वाजवी काळजी घ्यायची, हे दिवाणी कायद्याचं जुनं तत्त्व आहे. त्या दिवशी किल्ल्या, वीज, एसी आणि पहारेकरी तुमचेच होते. त्यामुळे ‘हॉल त्या दिवसापुरता कंपनीचा’ हे म्हणणं कोर्टात टिकणं अवघड आहे.

सगळा बोजा तुमच्यावरच पडेल, असंही नाही. केबल साऊंडवाल्याने टाकली, त्याला आणलं कंपनीने. उत्तरात या दोघांची जबाबदारी स्पष्ट लिहा, आणि दावा झालाच तर त्यांना प्रतिवादी करून घेण्याचा अर्ज द्या.

तुम्ही पाठवलेला एक फोटो मी बराच वेळ पाहत होतो. केबल दाराच्या तोंडाशी आडवी गेली आहे, वरची खाकी चिकटपट्टी मध्येच सुटून उभी राहिली आहे. फोटोवर वेळ सकाळी नऊची. अपघात जेवणाच्या सुट्टीतला. म्हणजे तुमच्या माणसाने धोका सकाळीच पाहिला, फोटो काढला आणि केबल तशीच राहू दिली. हा फोटो तुमच्या विरोधात जाईल, तरी तो पुसू नका. सीसीटीव्हीचं चित्रणही आजच वेगळं काढून ठेवा. पुरावा नाहीसा केला तर प्रकरण कितीतरी अवघड होईल.

त्याच फोटोत मागे जे दिसतं, त्याने मी जास्त अस्वस्थ झालो. मागच्या दाराला कुलूप, आणि त्यासमोर जादा खुर्च्यांच्या दोन रांगा. २५० च्या हॉलमध्ये ३३० माणसं होती, असं तुम्हीच लिहिलं आहे. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ माणसांचा जीव गेला. तिथेही बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडवली होती, हे कोर्टापुढे आलं. आपल्याकडे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ ही जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकतो. आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावं लागतं. तुमचं शेवटचं कधी दिलं, ते फाइल काढून बघा. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, आणि फौजदारी खटल्यात पावतीवरच्या ओळीला काही किंमत नाही.

यापुढे किल्ली देण्याआधी अर्धा तास काढा. कंपनीचा जबाबदार माणूस, डेकोरेटर आणि साऊंडवाला यांना घेऊन हॉलभर फिरा. सगळी दारं तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. केबल वाटेत येत असेल तर भिंतीकडेने वळवा. वीज कुठून घेतली, अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, पडदे दिव्यांना टेकलेत का, हे पाहून एका कागदावर लिहा, वेळ घाला, तुमची आणि कंपनीच्या माणसाची सही घ्या. त्रुटी राहिली तर कार्यक्रम थांबवण्याचा हक्क करारात हवा, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसं आत न घेण्याचाही. भिडेपोटी हे सोडू नका. अशा वेळी ‘चालतंय हो, दोन तासांचा तर प्रश्न’ असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच.

करारात ‘संस्था जबाबदार नाही’ याऐवजी, भाडेकरूच्या किंवा त्याने आणलेल्या माणसांच्या चुकीमुळे संस्थेवर येणारी रक्कम भाडेकरू भरून देईल, असं लिहा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२४ मध्ये याला आधार आहे. पण कंपनीकडे पैसे असले तरच ते वसूल होतील, म्हणून संस्थेची स्वतःची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे बाहेरच्या माणसाला द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा विमाही घ्या. इमारतीच्या आगीच्या विम्यात असा अपघात येत नाही.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. अशी पॉलिसी आधीपासून असेल तर उत्तराआधी विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. आणि समितीतल्या कोणीतरी त्या गृहस्थांना घरी जाऊन भेटून या. इतक्या दिवसांत संस्थेकडून कोणी विचारपूसही केली नाही, हे त्यांच्या नोटिशीतच लिहिलं आहे. फक्त तिथे रकमेचा शब्द देऊ नका, आणि कोणत्याही कागदावर सही करू नका.