मुलीचे मत मोबाईलने बनवले म्हणता, मग आपले कोणी?

आपले पत्र मिळाले. बारावीनंतर मुलीने लातूरला राहून नीटचे दोन प्रयत्न केले, दुसऱ्या खेपेलाही शासकीय महाविद्यालयापुरते गुण पडले नाहीत, आणि आता ती जनसंचार घेऊन बी.ए. करायचे म्हणते, म्हणून आपण अस्वस्थ आहात. ‘मोबाईलने तिचे डोके फिरवले आहे, तिची समजूत काढा,’ असे आपण लिहिता. पत्राच्या अगदी तळाशी, वेगळ्या अक्षरात आणि बहुधा पाकीट बंद होण्याआधी घाईने लिहिलेली एक ओळ आहे: ‘मला हा विषय शिकायचा आहे, रुसून म्हणत नाही.’ जिच्या आयुष्याविषयी चार पाने लिहिली गेली, तिच्या वाट्याला त्यातली एकच ओळ आली, याची मला तिच्या गुणांपेक्षा जास्त काळजी वाटते.

टीव्ही आणि मोबाईल आपणही पाहता, पण आपल्यावर त्याचा परिणाम होत नाही, तो या पोरांवर होतो, असेही आपण म्हणता. ज्या विषयाला आपला विरोध आहे, त्यात नेमक्या या समजुतीचा अभ्यास झालेला आहे. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तिला ‘थर्ड पर्सन इफेक्ट’ असे नाव दिले. माध्यमांचा प्रभाव आपल्यापेक्षा इतरांवर अधिक पडतो असे माणसाला वाटते, आणि त्या वाटण्यातूनच तो बंदी, धाक, निर्बंध अशा उपायांकडे वळतो. मुलीचा फोन काढून घेतल्याचे आपण त्याच परिच्छेदात लिहिले आहे.

माध्यमे माणसाच्या डोक्यात हवे ते भरतात आणि माणूस तसा वागू लागतो, हा समज फार जुना आहे. पहिल्या महायुद्धातील प्रचाराचा जोर पाहिल्यानंतर अनेकांना तसे वाटू लागले होते, आणि पुढे त्या कल्पनेला ‘बुलेट थिअरी’ हे नाव चिकटले. परंतु १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून मुलाखती घेतल्या, तेव्हा प्रचारामुळे पक्ष बदलणारे फार थोडे निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते. शिवाय वृत्तपत्र आणि रेडिओपेक्षा घरची, शेजारची, कामावरची माणसे अधिक वजनदार ठरली. माध्यमांतील मजकूर आधी अशा जाणत्या माणसांपर्यंत पोहोचतो आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत, या मांडणीला द्विस्तरीय प्रवाह म्हणतात. पुढे १९६८ च्या निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी अमेरिकेतील चॅपल हिल या गावी आणखी एक गोष्ट दाखवली. माध्यमे ज्या प्रश्नांवर भर देतात, तेच प्रश्न मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. म्हणजे कशाविषयी विचार करायचा, हे ठरण्यात माध्यमांचा मोठा वाटा असतो.

आता आपलेच पत्र या उजेडात वाचू. मुलगी दहावीत असताना आपण लातूरला गेलात, चौकाचौकांत गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक पाहिले, निकालाच्या दिवसांत क्लासच्या पानभर जाहिराती वाचल्या, आणि तरीही निर्णय झाला तो आपल्या साडूंनी ‘पोरगी हुशार आहे, मेडिकललाच टाका’ असे सांगितल्यावर. हुशार मुलीपुढचा प्रश्न एकच, डॉक्टर व्हायचे की नाही, हे फलकांनी ठरवले आणि उत्तर साडूंनी दिले. माध्यमांचा प्रभाव शोधायचाच असेल तर या घरात तो प्रथम वडिलांवर दिसतो, असे मला स्पष्ट म्हणावे लागते.

‘स्कोप काय?’ हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. जिल्हा पातळीवरच्या पत्रकारितेत पगार बेताचा असतो आणि बातमीबरोबर जाहिराती आणण्याचा भारही अनेकांवर पडतो, हे मी लपवणार नाही. पण माध्यमांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्याला सर्वेक्षण, श्रोता-संशोधन, आरोग्यविषयक जनजागृती, तथ्यपडताळणी आणि अध्यापन या वाटा असतात. त्यांसाठी संख्याशास्त्र लागते, आणि विज्ञान शाखेची मुलगी त्याला बिचकणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा, पुढे प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.

मुलीलाही एक सांगणे आहे. विषयावरचे व्हिडिओ आवडणे आणि विषय आवडणे यांत अंतर असते, ते आधी तपासून घे. सोयाबीनचा भाव गावात आता व्हॉट्सॲपवर येतो; तो पाहून शेतकरी लगेच माल बाजारात नेतो, की आधी आडत्याला, भावाला किंवा शेजाऱ्याला विचारतो, हे गावातल्या दहा घरी जाऊन विचार आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरव. तिसऱ्या-चौथ्या घरी कंटाळा आला, तर हा विषय तुझा नव्हे. कंटाळा आला नाही, तर ती वही मला पाठव.

तिसऱ्या प्रयत्नासाठी क्लासची फी या महिनाअखेर भरायची आहे, असे आपण लिहिता. वडिलांनी ती भरू नये.