आरशाकडे पाठ करून

प्रिय मुली,

काल तालीम संपली, सगळ्या निघून गेल्या, तरी तू आरशासमोरच होतीस. तीच गिरकी, पुन्हा पुन्हा. शेवटची तर इतकी छान बसली की मी दारातच थांबले. आणि तू काय केलंस? टी-शर्ट मागून आवळून धरलास, पोटाकडे पाहिलंस आणि तुझा चेहरा उतरला. गिरकी तुझ्या लक्षातही आली नव्हती. ते डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून लिहितेय.

आरसा वाईट नाही, पण त्याला फक्त आकार कळतो. बाजूला झुकताना त्यात बघायला मान वळवलीस की मानेची रेष तिथेच मोडते. म्हणजे तू चूक शोधतेस ती बघण्यामुळेच झालेली असते! वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं गेलं, श्वास कुठे अडकला, हे तळपायाला आणि बरगड्यांना कळतं. त्यांना विचारायची सवय लाव. ‘गुडघा ताठ आहे ना?’ म्हणत राहण्यापेक्षा ‘जमीन खाली ढकल’ म्हणून बघ; उडी आपोआप मोकळी होते.

ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले. एक स्वतःकडून अपेक्षा, दुसरा इतरांकडून, आणि तिसरा म्हणजे ‘लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवंय’ ही समजूत. मला तुझ्यात हा तिसरा दिसतो. त्यात माझाही हात असेल. ‘अजून एकदा’ म्हणताना आधीचं काय चांगलं झालं ते मी किती वेळा सांगितलं? यापुढे सांगेन.

आता खाण्याबद्दल, आणि हे मी आडून विचारणार नाही. जेवण टाळतेयस का? पाळी चुकतेय का? मेहनतीच्या मानाने पोटात कमी गेलं की शरीर पाळी थांबवू शकतं, हाडंही कमजोर होऊ लागतात. नडगीला, पावलाला बारीक तडा जाऊ शकतो आणि मग महिनोन्‌महिने नाच बंद. असं काही असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. एकटीने जायचं नसेल तर मी येते.

सोमवारी मी आरशावर पडदा टाकणार आहे. तू पुढच्या रांगेत उभी राहा. ती गिरकी मला पुन्हा बघायची आहे.

तुझी,
ताई