सेवेवरून परत आलेली मुलं जेवत का नाहीत

"मॅडम, रिट्रीटवरून आली आणि तेव्हापासून मुलगी नीट जेवतच नाहीये." समुपदेशन करताना हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, मार्च-एप्रिलच्या आसपास जास्त, शब्द थोडे इकडेतिकडे. कधी चर्चच्या रिट्रीटवरून, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या शिबिरावरून आलेली मुलगी असते, कधी कॉलेजच्या एनएसएस कॅम्पवरून आलेला मुलगा, एकदा तर वारीत मेडिकलच्या टीमबरोबर वारकऱ्यांचे पाय चेपून आलेला मुलगा होता, पण तक्रार तीच. झोप नाही, नवीन कपडे नकोत, वाढदिवस नको, आईने काही आवडीचं केलं की "लोकांना खायला नाही आणि आपलं हे काय चाललंय" म्हणून ताट बाजूला. आईवडिलांना दोन भीती असतात, एक म्हणजे डिप्रेशन आलं का, आणि दुसरी ते जरा हळू आवाजात सांगतात, ही आता शिक्षण सोडून सिस्टर (नन) व्हायला निघणार का.

म्हणून ही एक केस जरा सविस्तर लिहितेय. मुलीची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि सहा सेशन्स होते ते थोडक्या संवादांत बसवलेत.

मी स्वतः ख्रिस्ती नाही पण वसईत सतरा वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्यामुळे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा पश्चात्तापाचा काळ), कन्फेशन (फादरांजवळ चुकांची कबुली) हे शब्द आता माझ्याही रोजच्या बोलण्यातले झालेत. ही मुलगी एकोणीस वर्षांची, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. विद्यार्थ्यांचं तीन दिवसांचं रिट्रीट होतं, चौथ्या दिवशी सकाळी समारोप. दोन दिवस प्रार्थना, मौन, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २५व्या अध्यायावर चिंतन, म्हणजे भुकेल्याला जे दिलंत ते मलाच दिलंत असं येशू म्हणतो, तो भाग. तिसऱ्या दिवशी मुंबई. सकाळी भायखळ्याच्या आशादानमध्ये, ते मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं घर, तिथे कपडे धुणं, आजी-आजोबांना भरवणं, आणि संध्याकाळी परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर खिचडीची पाकिटं वाटणं.

परळचा तो फुटपाथ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. बिहार, बंगाल, आसाम, यूपी, कुठून कुठून पेशंट येतात. बऱ्याच केमोचं चक्र तीन आठवड्यांचं असतं, रेडिएशन असेल तर आठवड्यातले पाच दिवस रोज जावं लागतं, मध्ये गावाला जाऊन परत यायला ना पैसे असतात ना अंगात ताकद, धर्मशाळा भरलेल्या असतात, मग प्लास्टिक टाकून तिथेच संसार. घर असलेली माणसं चार-सहा महिन्यांसाठी बेघर होतात.

पहिल्या सेशनला ती आली तीच वही घेऊन. वहीत आकडे. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांच्या वर बेघर, एकट्या मुंबईत ५७ हजारांच्या वर. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलं होतं की एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तेही लिहिलेलं. मला म्हणाली, "मॅडम, मी यातल्या किती जणांना पुरणार? आणि नाही पुरणार तर मला एसी क्लासमध्ये बसून अकाउंट्स शिकायचा काय अधिकार आहे?"

ईस्टरला घरी फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले पाव केले होते, मटण होतं, मावशी-मामा सगळे आलेले, आणि ही आतल्या खोलीत उपाशी. मम्मी रडत होती, डॅडी चिडलेले.

माझी शिकवण अशी आहे की माणूस स्वतःशी काय बोलतो ते आधी ऐकायचं, कारण त्रास घटनेत जेवढा असतो त्याहून जास्त त्या बोलण्यात असतो. आणि त्या बोलण्यात 'पाहिजेच' हा शब्द आला की मी थांबते. हिच्या बोलण्यात तो दर तिसऱ्या वाक्याला होता. मी सगळ्यांसाठी काहीतरी केलंच पाहिजे, मला ते विसरता कामाच नये. नेहमी मी इथेच काम सुरू करते, पण हिच्याबाबतीत मला काहीतरी खटकत होतं, नुसता 'पाहिजेच' काढून भागणार नाही असं वाटत होतं.

दुसऱ्या सेशनला मी म्हटलं, "त्या दिवसाचं पहिल्यापासून सांग." तिने छान सांगितलं. पहाटेची लोकल, आशादानमधल्या एका आजींचा हात, दुपारचा वरणभात, खिचडीची मोठी पातेली, सगळं अगदी डोळ्यासमोर उभं केलं. आणि मग, "आम्ही परळला खिचडी वाटली आणि दादरहून विरार लोकल पकडली." तीन तासांचं एक वाक्य. सकाळच्या आजींची चप्पल कुठल्या रंगाची होती ते जिला आठवतं तिला परळच्या फुटपाथवरचं एकही माणूस आठवत नव्हतं, 'ते लोक' होते फक्त.

तिसऱ्या सेशनला मी वही बंद करून माझ्याजवळ ठेवली.

"परळचं एकाच माणसाचं सांग. एकाच."

ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.

"एक बाई होती. तिच्या मुलाच्या डोक्यावर केस नव्हते, माकडटोपी घातलेली, एवढ्या उकाड्यात. मी पाकीट दिलं तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, दो मिनट बैठो ना."

"मग?"

"मी म्हटलं अभी आती हूं."

"गेलीस परत?"

"नाही." मग एकदम भराभर, "तिची चटई ओली होती मॅडम, वास येत होता, मला नको वाटलं बसायला, आणि ग्रुप पुढे गेला होता, लोकलची वेळ झाली होती, पण खरं म्हणजे मला नकोच वाटलं."

मला वाटलं सापडलं. पण ती अजून रडत होती आणि ते रडणं सुटल्यासारखं नव्हतं, घशात काहीतरी अडकलेलंच होतं. एवढ्या वर्षांत मी एक शिकलेय की पहिलं उत्तर आलं की लगेच समजवायला सुरुवात करायची नाही, अजून थोडं बसायचं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प राहिले.

"दुसऱ्या दिवशी समारोपाच्या मिस्साच्या आधी शेअरिंग होतं," ती म्हणाली. "सगळे उठून आपापला अनुभव सांगत होते. मी त्या बाईबद्दल सांगितलं. मी सांगितलं की मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला, आणि मला तिच्यात येशू दिसला. सगळे रडले. फादर म्हणाले की या वर्षीच्या रिट्रीटचं फळ हेच आहे. आणि मी बसलेच नव्हते मॅडम."

ते झालं आणि खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर रिक्षावाले भांडत होते ते मला तेव्हा कळलं.

इथे मला जे समजलं ते मी तेव्हापासून प्रत्येक अशा मुलाच्या बाबतीत आठवते. ५७ हजार माणसांचा अपराध कुणालाच फेडता येत नाही, म्हणून तो अंगावर घेणं एका अर्थी सोपं असतं, त्यात आपण मोठे दिसतो, सगळ्या जगाचं दुःख वाहणारे दिसतो. एका बाईजवळ न बसणं आणि मग बसले असं सांगणं ही छोटी गोष्ट असते, फेडता येण्यासारखी, आणि म्हणूनच ती बघवत नाही. मन त्या छोट्या गोष्टीवर मोठ्या गोष्टीची गोधडी टाकतं. अशी मुलं आकड्यांबद्दल बोलायला लागली की मी आता आकड्यांशी वाद घालत नाही, गोधडीखाली कोणाचा चेहरा आहे ते हळूच विचारते, आणि बहुतेक वेळा कोणीतरी असतंच.

मी तिला विचारलं, "तुमच्यात उपवासकाळात पश्चात्ताप करायला सांगतात ना? अपराधी वाटून घ्या असं सांगतात का?"

"एकच नाही का ते?"

"तू सांग. गेला महिनाभर तू जेवत नाहीयेस, त्यातलं त्या बाईपर्यंत काय पोचलं?"

ती विचार करत राहिली, मग म्हणाली, "काहीच नाही. मम्मीला त्रास झाला फक्त."

तेव्हा आम्ही दोघींनी मिळून फरक काढला. अपराधीपणा म्हणतो मी वाईट आहे, आणि तिथेच गोल गोल फिरतो, त्याला माझ्याशिवाय कोणी दिसत नाही. पश्चात्ताप म्हणतो मी हे एक चुकले, आणि मग उठून चप्पल घालतो. मी तिला असंही स्पष्ट म्हटलं की एकोणीस वर्षांच्या मुलीला वासाने नको वाटलं ह्याने ती ढोंगी ठरत नाही, तिला नको वाटलं एवढंच ठरतं, आणि सगळे सुंदर अनुभव सांगत असताना खोटं बोलली ती एक चूक आहे, ती अख्खी मुलगी नाही. हे वाक्य तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

राहिला कॉलेज सोडायचा प्रश्न. तिला म्हटलं, मदर तेरेसांचंच बघ. दार्जिलिंगच्या ट्रेनमध्ये, तेही वार्षिक रिट्रीटला जाताना, त्यांना गरिबांसाठी हाक आली ती १० सप्टेंबर १९४६ला. त्यांनी कॉन्व्हेंट सोडलं ऑगस्ट १९४८मध्ये. जवळजवळ दोन वर्षं त्या परवानगीची वाट बघत थांबल्या, आणि परवानगी मिळाल्यावरही थेट झोपडपट्टीत गेल्या नाहीत, आधी पाटण्याला जाऊन नर्सिंगचं शिक्षण घेतलं. हाक खरी असेल तर ती तुझ्या टीवायच्या परीक्षेपर्यंत थांबेल की. यावर ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

चौथ्या सेशनला डॅडींना बोलावलं. भडकून आले होते, "हे रिट्रीटवाले मुलांच्या डोक्यात काय भरवतात" वगैरे. मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी अशी सेवा केलीय का. तर ते एकदम अवघडले. म्हणाले, "आम्ही काय, धर्मग्रामात, म्हणजे आमच्या पॅरिशमध्ये, गरिबांना मदत करणारी विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, रविवारी दोघं दोघं मिळून एकेका घरी जातो, मी बारा वर्षं एकाच म्हाताऱ्याकडे जातोय." मुलगी बघतच राहिली. तिला वाटायचं डॅडी तिकडे गप्पा मारायला जातात. ते म्हणाले, "गप्पाच मारतो अगं, रेशन पाच मिनिटांत देऊन होतं." ती सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली तीही कॉलेजच्या पोरांनी, फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि त्याने शिक्षण न सोडता हे केलं, पुढे प्रोफेसर झाला. हे मला बापाने मुलीला सांगावं असं वाटत होतं आणि त्यांनी सांगितलं, मी मध्ये बोलले नाही.

आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मूल असं परत आलं तर "आपण काय जगाचा ठेका घेतलाय का" असं म्हणू नका, त्याने ते जास्तच हट्टाला पेटतं. "तुला कोण भेटलं?" असं विचारा. नाव विचारा, गाव विचारा. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी परत विचारा. जेवणावरून रोज महाभारत करू नका, पण पंधरा दिवसांच्या वर जेवण-झोप बिघडलेली असेल, वजन उतरत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. आणि जे रिट्रीट घेतात त्या फादर-सिस्टर्सना, कॅम्पच्या सरांना माझी विनंती आहे की लगेच दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर अनुभव सांगायला लावू नका. त्या वयात सगळे सुंदर सांगत असताना "मला घाण वाटली, मी पळाले" असं उठून सांगायला फार मोठी छाती लागते. आधी दोघादोघांत बोलू द्या, आणि नेणाऱ्या मोठ्या माणसाने स्वतःला काय जमलं नाही ते पहिलं सांगावं. आणि एका रात्रीत दोनशे पाकिटं वाटण्यापेक्षा दहाच माणसं भेटली तरी चालेल, पण परत जा, महिन्याने का होईना त्याच जागी जा.

तिने फादरांना जाऊन खरं सांगितलं. कन्फेशनमध्ये काय झालं ते मी विचारलं नाही, तो तिचा आणि त्यांचा विषय. पण पुढच्या युवा मीटिंगमध्ये ती ग्रुपसमोर उभी राहून बोलली, आणि त्यानंतर तिघांनी तिला बाजूला घेऊन आपापलं सांगितलं. जेवायला ती त्याआधीच लागली होती.

जूनमध्ये ती शेवटची आली. एका मैत्रिणीला घेऊन परळला जाऊन आली होती. ती बाई सापडली नाही, तिथली माणसं सारखी बदलतात. दुसऱ्या एका बाईजवळ बसली, मुर्शिदाबादकडची होती, मुलगी आठ-नऊ वर्षांची, सलाईनची सुई हाताला तशीच चिकटवलेली.

मी विचारलं, "काय बोलली ती तुझ्याशी?" मला खरंच वाटत होतं की तिने मन मोकळं केलं असेल.

"काही नाही मॅडम. मी बसल्या बसल्या ती उठली. म्हणाली, जरा बच्ची को देखना, सामान भी, मैं बाथरूम होके आती हूं. सुलभ पार कोपऱ्यावर आहे आणि लाइन होती, वीस मिनिटं लागली तिला. सकाळपासून गेली नव्हती म्हणे, पोरीला एकटं टाकून कशी जाणार."