पीएफ म्हणजे गरिबाचा इन्कम टॅक्स का?

दादा, मुलाच्या पगारस्लिपवर एकूण पगार 28,000, बेसिक 15,000, पीएफ 1,800, प्रोफेशनल टॅक्स 200 आणि इन्कम टॅक्स शून्य. मग पीएफ हाच त्याचा खरा टॅक्स नाही का, तो बंद करता येईल का, असं तुम्ही विचारलंत. मी बावीस वर्षं कारखान्यात पगाराचं काम केलं. पगाराच्या दिवशी हा प्रश्न हमखास यायचा.

तुम्हाला टोचतंय ते खरं आहे. इन्कम टॅक्स वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. 2025-26 साठी नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला तो शून्य आहे. पीएफला अशी सवलत नाही, बेसिक आणि महागाई भत्त्यावर पहिल्या रुपयापासून 12 टक्के. वर 15,000 च्या पुढे सक्ती नाही, त्यामुळे दीड लाख पगाराच्या साहेबाचाही पीएफ कित्येक ठिकाणी 1,800 च असतो. त्याचा टॅक्स मात्र महिना साडेबारा हजारांच्या घरात जातो.

पण टॅक्स भरला की त्यावर आपलं नाव राहत नाही. हे 1,800 मुलाच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर) जमा होतात, 2024-25 चं व्याज 8.25 टक्के होतं. कंपनीही तेवढेच घालते: 550 पीएफमध्ये, 1,250 पेन्शनमध्ये. या 1,250 वर व्याज मिळत नाही, पासबुकात वेगळा रकाना असतो, म्हणून पोरांना ते बुडाल्यासारखे वाटतात. तिथे मोल नोकरीच्या वर्षांचं आहे. पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70, ही महिन्याची पेन्शन. पंधरा हजारांवर 35 वर्षं झाली तर महिना 7,500, दहा वर्षांना जेमतेम 2,143, आणि दहाच्या आत पेन्शनच नाही.

आमच्याकडचा एक फिटर प्रत्येक नोकरी सोडताना फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढायचा. पैसे काढले की ती वर्षंही हिशेबातून जातात. अठ्ठावन्नाव्या वर्षी कागद घेऊन माझ्यासमोर बसला. सगळी मिळून चोवीस वर्षं नोकरी, पेन्शनच्या खात्यावर शिल्लक आठच वर्षं. मला त्याला काही सांगता येईना.

बेसिक 15,000 असल्याने पीएफ सक्तीचाच आहे, बंद होणार नाही. नोकरी बदलली तर जुनाच यूएएन द्यायला सांगा, खातं ट्रान्सफर करायला लावा आणि 10सी भरू देऊ नका. प्रोफेशनल टॅक्सचे 200 मात्र राज्य सरकारचे, ते परत येत नाहीत.