दोन्ही विधानांना ‘सहमत’?

प्रश्न : एम.एड.च्या प्रकल्पासाठी पालकांकडून गृहपाठाविषयी 20 विधानांची प्रश्नावली भरून घेतली. 10 विधानं गृहपाठाच्या बाजूची, 10 विरोधातली. गुण ‘पूर्ण असहमत’ला 1 ते ‘पूर्ण सहमत’ला 5. काही पालकांनी ‘गृहपाठाने अभ्यास पक्का होतो’ आणि ‘गृहपाठाने काहीच साधत नाही’ या दोन्हींना 4 दिलेत. असे फॉर्म बाद करायचे का?

उत्तर : सरसकट नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच रकान्यात टिका असतील तर फॉर्म न वाचता भरलाय. तो बाजूला काढा. बाकीच्यांचं प्रकरण वेगळं आहे. विधान कुठलंही असो, ‘मम’ म्हणायचा कल काहींमध्ये इतरांपेक्षा जास्त असतो. बेल्जियममध्ये त्याच माणसांना चार वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही तो बऱ्याच अंशी टिकून होता. कमी शिकलेल्यांत हा कल सरासरीने जास्त आढळतो. म्हणजे हे फॉर्म फेकलेत, तर नमुन्यातून नेमके तेच पालक गळतील.

एकूण गुणांची काळजी नको. विरोधी विधानांचे गुण उलटवले (6 वजा उत्तर), की 10 विधानांत वाढलेला होकार उरलेल्या 10 मध्ये तितकाच वजा होतो. मात्र विश्वासार्हता (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, त्याचा आकडा) वाढवण्याच्या नादात एकाच बाजूची दोन-तीन विधानं गाळलीत, की हा तोल गेला. प्रबंधांत हे सर्रास होतं.

खरी गडबड सुट्या विधानांची. ‘इतके टक्के पालक सहमत’ असं लिहायच्या आधी दुरुस्ती करा. गुण उलटवण्यापूर्वी प्रत्येक पालकाच्या 20 उत्तरांची सरासरी काढा. विधानं खरोखर जोडीजोडीने विरुद्ध असतील, तर ती 3 च्या आसपास यायला हवी. समजा 3.8 आली. जादा 0.8 त्या पालकाच्या प्रत्येक उत्तरातून वजा करा : दोन्हीकडचे 4 आता 3.2 झाले. मग उलटवा, विरोधी विधानाचे 2.8 होतील. आधी उलटवून सरासरी काढलीत, तर तिच्यात पालकाचं खरं मतच मिसळतं आणि वजाबाकीत तेच पुसलं जातं.

कल किती फसवतो पाहा. अमेरिकेत शूमन आणि प्रेसर या सर्वेक्षण-अभ्यासकांनी एका गटाला ‘गुन्हेगारीला परिस्थितीपेक्षा व्यक्ती जास्त जबाबदार’ हे विधान दिलं. सुमारे 60 टक्के सहमत. दुसऱ्या गटाला नेमकं उलट दिलं, तर तिथेही सुमारे 57 टक्के सहमत!

पुढच्या वेळी विरोधी विधानं ‘नाही’ जोडून बनवू नका. ‘गृहपाठ आवडत नाही’ला तोंडी ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ‘नाही आवडत’ की ‘असहमत’? ‘गृहपाठ कंटाळवाणा वाटतो’ लिहा. त्याहून बरं म्हणजे सहमती विचारूच नका. ‘गृहपाठाचा किती उपयोग होतो?’ असं विचारा आणि ‘अजिबात नाही, थोडा, बराच, खूप’ हे पर्याय द्या. होकार भरायला जागाच राहत नाही.