ओठांवरून जीभ फिरवण्याआधी

अरे,

तुझा व्हिडिओ काल रात्री दोनदा बघितला, एकदा आवाज लावून आणि एकदा आवाज बंद करून. मेकअप मस्त जमलाय, पाठांतर पक्कं आहे, आणि खाली तो लांबलचक मेसेज की सर सांगा ना, बॅटमनच्या गोष्टींतला खलनायक जोकर बेस्ट कोणाचा, जॅक निकल्सनचा, हीथ लेजरचा की वाकीन फीनिक्सचा, म्हणजे मी तसा करतो. बेस्ट कोण ते मी नाही सांगणार. आपल्याकडे डॉ. लागूंनी १९७० मध्ये नटसम्राट उभा केला, मग तीच भूमिका दत्ता भटांनी केली, आणि थोर कोण यावर आमच्या आधीची माणसं अजून चहाचे कप गार होईपर्यंत भांडतात, पण त्या भांडणातून एखाद्या नटाच्या हाती काही लागलंय असं मी बघितलं नाही. मी काय बघतो ते सांगतो. मी हसू बघतो. हसू शरीरातून कुठून निघतं, आणि त्या नटाला ते तिथूनच का काढावं लागलं.

आधी तुझ्या जिभेबद्दल. तीन मिनिटांत तू अकरा वेळा ओठांवरून जीभ फिरवलीस, मी मोजलं. लेजर फिरवतो म्हणून तू फिरवतोस. पण लेजरच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना खोटे व्रण चिकटवलेले असायचे, बोलता बोलता ते सुटायला लागायचे, मग तो जिभेने ते जागेवर बसवायचा, आणि ही अडचण लपवत बसण्यापेक्षा त्याने ती जोकरची सवयच करून टाकली, त्यामुळे आपल्याला वाटतं हा माणूस सतत कसली तरी चव घेतोय. तुझ्या गालावर काय चिकटवलंय? नुसता रंग आहे. मग ती जीभ तिथे कशाला आली, याचं उत्तर तुझ्याकडे नाहीये आणि ते नाहीये हे कॅमेऱ्याला कळतं रे, पहिल्या मिनिटात कळतं.

आता मागे जाऊन बघ. हे पात्र कॉमिकमध्ये आलं १९४० मध्ये, आणि त्या चेहऱ्यामागे कॉनराड वाइट नावाच्या जर्मन नटाचा १९२८ च्या एका मूकपटातला फोटो आहे, ज्यात त्याचं तोंड कायमचं हसतं केलेलं आहे आणि डोळे मात्र रडवेले. तो फोटो नेटवर सापडेल, शांतपणे बघ. पुढचे सगळे जोकर मला त्या एका चेहऱ्याचेच वाटेकरी वाटतात, कोणी तोंड घेतलं, कोणी डोळे. १९६६ च्या मालिकेतल्या सीझर रोमेरोने तोंड घेतलं, सरळ सर्कशीतला विदूषक, मिशी काढायला त्याने नकार दिला तर मिशीवरूनच पांढरा रंग लावला, जवळून बघितलंस तर आजही दिसते. त्याचं हसू मुलांसाठी होतं आणि ते काम त्याने चोख केलं, त्याला आजच्या मापाने मोजू नकोस.

१९८९ च्या निकल्सनचा प्रश्न वेगळा. त्याच्या चेहऱ्यावर हसू रबराने बसवलेलं, ते पुसायची सोयच नाही. मग नटाने काय करायचं? तो ऑपरेशननंतरचा सीन परत लाव. पट्ट्या सोडतात, तो आरसा मागतो, चेहरा आपल्याला दाखवत नाहीत, फक्त हसण्याचा आवाज येतो, सुरुवातीला तर कळतच नाही की हा रडतोय की हसतोय. चेहरा अडकलेला म्हणून तो भुवया, मान आणि आवाज यांच्यावर सगळा खेळ करतो. आणि त्याला माहितीये की लोक निकल्सनला बघायला आलेत, ते तो लपवत नाही, त्याचा जोकर स्वतःचा शो स्वतः एन्जॉय करतो. मला आवडतो तो. पण ते स्टारपण त्याने वर्षानुवर्षं कमावलेलं होतं, एकोणिसाव्या वर्षी ते उसनं आणता येत नाही.

मार्क हॅमिलचा पण ऐक, हो, बघू नकोस, ऐक. १९९२ पासून कितीतरी वर्षं कार्टूनमधला जोकर त्याचा होता, आणि त्याच्याकडे फक्त गळा. डोळे मिटून ऐकलंस तर एकाच हसण्यात चार मजले आहेत, खाली पोटापासून वर नाकापर्यंत. तुझं हसू सगळ्या व्हिडिओभर एकाच मजल्यावर होतं.

लेजरकडे येतो, २००८ चा 'द डार्क नाइट', कारण तू तिथेच अडकलायस. गंमत म्हणजे त्याचा जोकर फार हसतच नाही. व्रण कसे आले हे तो दोनदा सांगतो, एकदा बापाने केले म्हणतो, एकदा बायकोसाठी स्वतःच केले म्हणतो, आणि दोन्ही वेळा तो नट ते शंभर टक्के खरं मानून बोलतो. तू ती गोष्ट 'मी थापा मारतोय बघा' असा डोळा मारून सांगितलीस, तिथेच भीती गेली. मग तो चौकशीच्या खोलीतला सीन, बॅटमन त्याला भिंतीवर आपटतोय आणि याला हसू फुटतं, कारण हा मारतोय म्हणजे मी जिंकलो हे त्याला कळलंय. ते हसू विचारातून आलं. विचार नसेल तर नुसता आवाज उरतो.

आणि मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंस ना, की चार रात्री झोपलो नाही, खोलीचं दार लावून बसतो, लेजरसारखं आत जायचंय, ते वाचून मला खरंच काळजी वाटली. नीट ऐक. लेजर हॉटेलच्या खोलीत बसायचा, वही लिहायचा, आवाज शोधायचा, हे खरं. पण जोकरने त्याला मारलं ही गोष्ट लोकांनी रचली. त्या सिनेमातलं त्याचं काम आधीच संपलं होतं, तो दुसऱ्या सिनेमात काम करत होता, आणि २२ जानेवारी २००८ ला तो गेला तेव्हा वय फक्त २८, तपासणीत निघालं की डॉक्टरी औषधं एकत्र घेतली गेल्याने अपघाताने मृत्यू. ऑस्कर त्याच्या घरच्यांनी घेतलं. एका माणसाच्या मरणाला आपण अभिनयाची पद्धत म्हणायचं नाही. तू आज झोप. पहिलं काम हेच.

जेरेड लेटोवर, २०१६ च्या, सगळे तुटून पडतात, तू पण पडलास. धातूचे दात, कपाळावर 'डॅमेज्ड' असं गोंदलेलं, म्हणजे जे नटाने दाखवायचं ते आधीच लिहून टाकलेलं, वर त्याचे कितीतरी सीन एडिटमध्ये गेले. उरलेल्या तुकड्यांवरून नटाला फाशी देऊ नये.

फीनिक्सचं मात्र हसू बघताना माझा स्वतःचा घसा दुखतो. २०१९ चा सिनेमा. बसमध्ये तो एका लहान पोराला हसवतोय, आई ओरडते, आणि याला हसू येतं, नको असताना येतं, तो हाताने तोंड दाबतो, गुदमरतो, आणि मग खिशातून कार्ड काढून देतो की हा आजार आहे. बाकी सगळ्यांचं हसू बाहेर जातं, हा ते आत ढकलतोय. वजन त्याने जवळजवळ २४ किलो कमी केलं त्याचीच चर्चा होते, पण मला तो बाथरूममधला नाच मोठा वाटतो. स्क्रिप्टमध्ये तिथे दुसरंच काहीतरी होतं, ते जमेना, दिग्दर्शकाने सिनेमाची संगीतकार हिल्डर गुडनाडोटिरचं चेलोवर वाजवलेलं संगीत लावलं आणि पाय हळूच हलायला लागले. अख्खा माणूस बदलला, एक शब्द न बोलता. त्यालाही ऑस्कर मिळालं, म्हणजे एकाच पात्रासाठी दोन वेगळ्या नटांना, याआधी असं फक्त 'गॉडफादर' सिनेमांतल्या विटो कॉर्लिओनेच्या बाबतीत झालं होतं, ब्रँडो आणि डी नीरो. आणि लेजर-फीनिक्सच्या हसण्यात एक धागा सारखा सापडला तर मला दाखव.

रविवारी सकाळी दहाला तालमीच्या हॉलवर ये. मेकअप नको, डायलॉग पण नकोत. खुर्चीवर बस, मला तुझ्या घरातला एखादा असा प्रसंग सांग जेव्हा तुला हसू यायला नको होतं आणि आलं. मी समोर बसून ऐकेन, मग तिथून आपण सुरू करू.

तुझा,
सर